माझ्या खाचा कुणी बुजवल्या?

मी एक जुना लाकडी दांडा आहे. दांडा म्हटल्यावर तुम्हाला झाडूचा आठवला असेल, तर तो अपमान मी गिळतो. मित्रांनो, मला आज रागवायला दुसरं पुष्कळ आहे. या मोठ्या शहरात अंध स्त्रियांचं एक वसतिगृह आहे. त्याच्या लांबलचक पॅसेजमध्ये, भिंतीला धरून, कमरेच्या उंचीवर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आहे.

एका सुताराने मला जुन्या चौकटींच्या लाकडातून घडवलं. सुट्टीच्या दिवशी तो इथे फुकट राबायला यायचा. पण रंधा हातात घेण्याआधी तो म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही. कुठे काय हवं ते तुम्हीच सांगा."

इथेच राहणाऱ्या ऑपरेटरबाई पुढे झाल्या. टेलिफोनच्या नोकरीत शेकडो नंबर तोंडपाठ ठेवलेल्या या बाई! "खाचा पाड," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरापाशी एक, न्हाणीघरापाशी दोन आणि जिन्याच्या अलीकडे तीन." सुताराने पटाशीने खाचा पाडल्या. बाईंनी बोटं फिरवून दोन उथळ ठरवल्या, त्याने त्या मुकाट्याने खोल केल्या.

एकोणीस वर्षं बाई माझ्यावर हात ठेवून एकट्या हिंडल्या. "मी कुणाची मिंधी नाही," असं त्या ठसक्यात सांगायच्या, आणि मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

मग एका शनिवारी कुठल्याशा ऑफिसातली मंडळी बस भरून आली. सगळ्यांचे टी-शर्ट पिवळे, सगळ्यांना सेवेचा भारी उत्साह. इथल्या बायकांना त्यांनी हॉलमध्ये गाणी ऐकायला बसवलं. एकीने माझ्या खाचा पाहिल्या आणि ती कळवळली, "अरेरे, किती खराब झालंय हे!" झालं! पॉलिश पेपरने मला खसाखसा घासलं, खाचांत पुट्टी भरली, वर चकचकीत रंगाचे दोन हात दिले. हॉलमध्ये जाऊन एका शब्दाने विचारायचं कुणाला सुचलं नाही. संध्याकाळी माझ्याबरोबर फोटो काढून मंडळी निघून गेली. मी एवढा देखणा कधीच नव्हतो आणि एवढा निरुपयोगीही.

रविवारी रंग ओला, म्हणून मला हात लावायला मनाई होती. सोमवारी सकाळी बाई आल्या. त्यांची बोटं खाच शोधत राहिली. जिना अजून लांब आहे असं समजून त्यांनी पाऊल टाकलं आणि त्या सात पायऱ्या खाली गेल्या. मनगट मोडलं.

लगेच वसतिगृहाच्या अधीक्षकांचं फर्मान निघालं, यापुढे पॅसेजमध्ये कुणी एकटीने यायचं नाही. घंटी वाजवायची आणि मदतनीस मावशींची वाट बघायची. मावशी एक आणि बायका एकतीस! न्हाणीघरात जायचं तरी बाई आता अर्धा अर्धा तास बसून राहतात.

"त्या लोकांना बोलवा आणि काय झालं ते सांगा," बाई अधीक्षकांना म्हणाल्या.

"जाऊ द्या हो बाई. एवढ्या हौसेने येतात बिचारे, त्यांची मनं कशी मोडायची?"

मनं मोडायची नाहीत, मनगट मोडलं तर चालतं! मला हात असते, तर तो पुट्टीचा डबा मी अधीक्षकांच्या टेबलावर पालथा केला असता.

सुतार आता हयात नाही. म्हणून दुपारी मावशींचा डोळा लागला की बाई भिंतीला पाठ घासत, लपतछपत येतात. जेवणातून लांबवलेल्या चमच्याच्या टोकाने, डाव्या हाताने, त्या माझ्यातली पुट्टी खरवडतात. सुरुवात त्यांनी जिन्यापासून केली आहे. दोन खाचा मोकळ्या झाल्या, तिसरी अर्धी आहे.

आणि येत्या शनिवारी ती बस पुन्हा येणार आहे. या खेपेला मला निळा रंग देणार आहेत म्हणे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या बसमध्ये असेल, तर कृपा करा. ब्रश खाली ठेवा, आधी बाईंना विचारा. मग डोळे घट्ट मिटा आणि माझ्यावर हात ठेवून जिन्यापर्यंत चालत या. जपून या. तिसरी खाच अजून अर्धीच आहे.