चाचणीपुरतं

"बाई, तुम्ही मधेच थांबता आणि मग एकदम पळता," लॅपटॉपच्या पडद्यावरची मुलगी म्हणाली. दहा वर्षांची होती, खोटं कशाला बोलेल?

वहिनींनी गाणं थांबवलं. मुलीला पंधरा मिनिटांची सुट्टी दिली, चष्मा काढला, उगाचच पुसला आणि दाराशी उभ्या असलेल्या दिराला म्हणाल्या, "ऐकलंत ना? म्हणून तर तुम्हाला बोलावलं, भाऊजी. महिनाअखेर वर्ग बंद करतेय. हे वायफाय काढून टाकायला अर्ज कुठे करायचा, तेवढं सांगा."

दीर म्हणजे रेंज्या. हे त्याचं कामावरचं नाव, आणि ते इतकं पक्कं झालं होतं की पगाराच्या दिवशी खऱ्या नावाने हाक मारली तर दुसऱ्याच कुणाला बोलावतायत असं समजून तो मागे वळून बघायचा. मोबाइल कंपनीचे रेंज देणारे छोटे डबे खांबांवर आणि गच्च्यांवर बसवायचे, त्यांचे आकडे जुळवायचे, हेच त्याने बावीस वर्षं केलं होतं. थोरला भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यानंतर या घरात जो काही आवाज उरला, तो वहिनींच्या गाण्याच्या वर्गाचा. वर्ग बंद म्हणजे घरही मुकं होणार, हे रेंज्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याने सवयीने फोनवर लहरी मोजायचं ॲप उघडलं, तर वायफायची लहर कुणीतरी सतत अडवून धरलेली दिसली, आणि तो फोनकडे बघतच राहिला. मग खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या दिव्याच्या खांबावर त्याने तीन आठवड्यांपूर्वी स्वतःच्या हाताने बसवलेला डबा होता.

हे नवे डबे कंपनीच्या विकत घेतलेल्या लहरींबरोबर वायफायच्या फुकट लहरीही वापरतात. त्या लहरींना परवाना लागत नाही, त्या सगळ्यांच्या. तिथे नियम एकच, बोलण्याआधी ऐकायचं, आणि दुसरं कुणी बोलत असेल तर आपण थांबायचं. घरातलं वायफाय हा नियम मुकाट पाळतं. डब्यानेही पाळायचा असतो. किती हळू आवाज कानावर आला की थांबायचं, याचा एक आकडा डब्यात भरलेला असतो.

चाचणीच्या दिवशी साहेब शेजारी उभे होते आणि डब्याच्या इंटरनेटचा वेग काही केल्या वाढत नव्हता. वस्ती दाट, घरोघरी वायफाय, डबा आपला थांबून थांबून बेजार. रेंज्याने तो आकडा गुपचूप वर चढवला. शेजारपाजारचे हळू आवाज डब्याला ऐकू येईनासे झाले आणि वेग असा उसळला की साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. यात नवल काहीच नव्हतं. या धंद्यात चाचणीपुरतं सगळेच हे करतात आणि संध्याकाळी आकडा जागेवर आणून ठेवतात.

रेंज्याने तो आणला नाही. साहेबांनी त्या वेगाचा आलेख मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. आकडा उतरवला की आलेखही उतरणार, म्हणून उद्या बघू, परवा बघू, असं चाललं होतं. आणि खांबावरचा डबा दिवसरात्र बोलत सुटला होता, वहिनींच्या घरातलं सभ्य वायफाय त्याचं संपायची वाट बघत होतं, आणि त्यांचं गाणं मुलींपर्यंत मधेच अडकत, मग एकदम पळत पोचत होतं.

त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. गेल्या आठवड्यात तो चहाला आला असताना वहिनींनी हळूच सांगितलं होतं की मुली म्हणतात, बाईंचा ताल सुटतो. तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. पण तोंडातून निघालं ते असं, "वय झालं की व्हायचंच, वहिनी. मनाला लावून घेऊ नका."

"आलोच," म्हणून तो खाली गेला. गाडीत बसून लॅपटॉप जोडला आणि आकडा जागेवर आणला. चार मिनिटांचं काम. तो परत वर आला तेव्हा मुलगी पडद्यावर हजर झाली होती. वहिनींनी दोन ओळी म्हटल्या, मुलीने त्या उचलल्या. कुठे खोट नाही.

वहिनींचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि त्याच म्हणाल्या, "एखादा दिवस जातो चांगला. म्हणून काही मी फसायची नाही."

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. कुणाला कळणार होतं? पण रेंज्याला तिथे उभं राहवेना. त्याने सगळं सांगितलं, डबा, आकडा, साहेबांची थाप. सांगताना नजर फरशीवरून वर येत नव्हती.

वहिनींनी विचारलं ते एवढंच, "गेल्या आठवड्यात माहीत होतं तुम्हाला?"

"शंका होती."

"मी कान तपासून आले, भाऊजी. दोन चांगल्या मुलींना मीच दुसऱ्या बाईंकडे धाडलं, त्यांचं नुकसान नको म्हणून."

"मी त्यांच्या घरी जातो. सांगतो."

"जा. आधी हिला सांगा." वहिनींनी लॅपटॉपचा आवाज सुरू केला आणि खुर्ची सोडली.

रेंज्या पडद्यासमोर बसला. बाईंचा ताल कधीच चुकला नव्हता, चूक माझी होती, असं त्याने त्या एवढ्याशा पोरीला हात जोडून सांगितलं.

"मग तुम्ही आधीच का नाही सांगितलं?" तिने विचारलं.

"शाबासकी मिळत होती ना."

मुलीने मान डोलावली. हे कारण तिला पटलेलं दिसलं, आणि त्यामुळे रेंज्याला जास्तच शरमल्यासारखं झालं.

तो उठून बाजूला झाला. वहिनी बसल्या, पदर सारखा केला आणि नवी ओळ म्हणून दाखवली. स्वच्छ, संथ ठाय लयीत, बोट ठेवायला जागा नाही अशी. पण ओळ संपल्यावर त्या पुढे गेल्या नाहीत. चाळीस वर्षं गाणं शिकवत आलेल्या त्या बाई पडद्याजवळ वाकल्या.

"बरोबर आलं का ग?"

"हो बाई."

"नक्की?"