तक्त्यावरचा यमराज

ते १९८४ साल. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मिकुरा बंदरात त्या वर्षी मासेमारांच्या जाळ्यांत माकुळ उदंड आलं होतं, आणि प्राथमिक शाळेतल्या फुमिए यासुहारा बाईंना एका तक्त्यानं वेड लावलं होतं.

तक्ता होता चिनात्सुसाठी. नऊ वर्षांची पोर, चाकांच्या खुर्चीत बसायची. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. डाव्या हाताचा अंगठा तेवढा तिचं ऐकायचा. बाईंनी पुठ्ठ्यावर चाळीस चौकोन आखून प्रत्येकात एक चित्र काढलं. अंगठा टेकवला की झालं बोलणं. नोव्हेंबरात शिक्षण कचेरीचे कुसुनोकी साहेब येणार होते. पोर खरंच बोलते असं त्यांना पटलं तर ती इथेच राहणार. नाही तर दोन तासांवरच्या निवासी शाळेत, आणि आईची भेट रविवारी.

आई, मासुको, बंदरावर माकुळ चिरायची. एके दिवशी गमबूट घालूनच ती वर्गात आली, तक्त्यावर वाकली आणि म्हणाली, "बाई, हे कोण बोलतंय?"

"तुमची चिनात्सु."

"छे! ही तर मोठ्या दुकानातली विक्रेती बोलतेय. 'आभारी आहे', 'माफ करा', 'फार रुचकर'... 'नको' कुठंय?"

बाईंनी चाळीसही चौकोन पाहिले. 'नको' नव्हतंच. जन्मात कुणाला तोंडावर नको म्हणाल्या नव्हत्या त्या. तक्त्यावर कुठून येणार?

"माझी पोर भांडते हो! मी थाप मारली की डोळे वटारते. खोटं बोलणाऱ्याची जीभ यमराज चिमट्यानं उपटतो, हे मीच शिकवलंय तिला. त्याला घाला."

"शाळेच्या तक्त्यावर यमराज?"

"मग काय, हे फुलपाखरू? मी नाही बाई कधी कुणाला फुलपाखरू म्हणाले."

फुलपाखरू गेलं, यमराज आला. एका 'माफ करा'च्या जागी 'नको' बसलं. पहिल्याच दिवशी चिनात्सुनं सतरा वेळा 'नको' म्हटलं: दुधाला, गाण्याला, गळ्यातल्या रुमालाला. मुख्याध्यापक कपाळाला हात लावून बसले. "बिघडवलीत की पोर! साहेब येतील तेव्हा ते दोन चौकोन कागदानं झाका."

"नको, सर," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या.

साहेब आले. "शाळा आवडते का?" अंगठा 'छान'वर. "बाई कशा आहेत?" पुन्हा 'छान'. साहेबांनी हळूच वही मिटली. "पाठ करून घेतलेलं दिसतंय," ते मुख्याध्यापकांना म्हणाले.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. साहेब मुलांच्याच बाकावर जेवायला बसले. ताटात ढोबळी मिरची होती. त्यांनी चार फोडी गुपचूप पावाखाली सरकवल्या आणि मोठ्यानं म्हणाले, "वा! फार रुचकर!"

समोर चिनात्सु होती. तिचा अंगठा थरथरत निघाला, तक्ता ओलांडून गेला आणि यमराजावर दाणकन आपटला.

"हे काय म्हणते ही?" साहेबांनी विचारलं.

"तुमची जीभ उपटणार, साहेब!" शेजारी बसलेला गोता नावाचा पोरगा आनंदानं ओरडला. "मिरच्या लपवल्यात ना तुम्ही!"

मुख्याध्यापक पांढरेफटक. साहेबांनी पाव उचलून पाहिला, जणू फोडी दुसऱ्याच कुणीतरी ठेवल्या होत्या. मग ते इतके हसले, इतके हसले, की चष्मा काढावा लागला. "पंचवीस वर्षं शाळांतून जेवतोय, एवढं खरं मला कुणी बोललं नाही. हे पाठ केलेलं नव्हे बरं." चिनात्सुचा अंगठा आता 'खा'वर होता. चारही फोडी डोळे मिटून गिळल्या त्यांनी, आणि पोर इथेच राहणार या कागदावर तिथंच सही केली.

कुसुनोकी साहेब निवृत्त होईपर्यंत दर नोव्हेंबरात मिकुराच्या शाळेत जेवायला येत; मिरची मात्र शेवटपर्यंत आवडली नाही. मुख्याध्यापकांनी तो किस्सा स्वतःच्या धाडसाचा म्हणून गावभर सांगितला. गोता बोटीवर गेला. फुमिए बाईंनी पुढे चौदा मुलांसाठी तक्ते केले, प्रत्येकात पहिला चौकोन 'नको'चा. चिनात्सु मासळीबाजाराच्या कचेरीत लागली. आता बोलणारं यंत्र आहे तिच्याकडे, आणि घासाघीस करणाऱ्यांची ते गय करत नाही.

मासुकोची वाचा म्हातारपणी पक्षाघातानं गेली. चिनात्सुनं माळ्यावरून जुना पुठ्ठा काढवून तिच्या पांघरुणावर ठेवला. डॉक्टर म्हणाले, "आजी, महिन्याभरात बंदरावर जाल बघा." मासुकोनं तक्ता नीट न्याहाळला, डॉक्टरांकडे डोळे वटारले आणि यमराजावर बोट ठेवलं. खाटेशी बसलेल्या बाईंना हसू आवरेना.