शेवटल्या बांधीचं बोलणं

सभेत कधी वाद होत नाही, याचा त्या गावाला मोठा अभिमान होता. गोंदियाकडच्या धानपट्ट्यातलं ते लहानसं बाजारपेठेचं गाव. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झालेली. नगरपालिकेचे अध्यक्ष ईश्वरदास विषय वाचत, सभासद माना डोलावत, कारकून ‘एकमताने मंजूर’ असं लिही, की गरम भजी येत. अर्धे सभासद एकमेकांचे सोयरे. विरोधात बोलणं म्हणजे घरच्या लग्नात रुसून बसणं.

बायांपैकी कोणी हवी म्हणून सुशीलाबाईंना सभासद केलं होतं. ईश्वरदास त्यांचे चुलत सासरे. त्यामुळे त्या डोईवर पदर घेऊन दाराजवळ बसत, साऱ्यांबरोबर हात वर करत आणि घरी येत.

त्या वैशाखात बाजाराच्या नालीचा विषय निघाला. नालीचं घाण पाणी खालच्या ओळीतल्या, गरीब वस्तीच्या विहिरीत झिरपत होतं. मागच्या पावसाळ्यात तिथं पटकी शिरली आणि सुशीलाबाईंकडे धान कांडायला येणाऱ्या रुख्माची थोरली पोर दिवस मावळायच्या आत गेली. आता पाऊस लागण्याआधी नाली वळवायलाच हवी होती. ईश्वरदास म्हणाले, यंदा बाजाराचे ओटे होऊ द्या, नालीचं पुढच्या साली पाहू. माना डोलल्या. सुशीलाबाईंचाही हात वर गेला.

दुसऱ्या दिवशी रुख्मानं विचारलं, तेव्हा त्यांना सांगावंच लागलं.

“मंग कोनी काहीच नाही म्हनलं?”

“नाही गं.”

“तुमी तं होत्या न तिथं, बाई.” रुख्माच्या आवाजात राग नव्हता. “माह्याजवळ आता एकच उरली आहे.”

ती पुन्हा कांडू लागली. सुशीलाबाईंना मुसळाचा तो आवाज ऐकवेना. त्या ओसरीवर सासऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

सासरे बकाराम म्हणजे केशोरीकडचे जुने कास्तकार, तलाव बांधणाऱ्या घराण्यातले. ते जुन्या काळच्या पाणीवाटपाच्या बैठकीचं सांगू लागले. धानाच्या रोवणीआधी सारे तलावाच्या पाळीवर, बांधावर जमत. पाटाच्या अगदी शेवटाला ज्याची बांधी, ज्याच्या शेतात पाणी सगळ्यांत मागून पोचायचं, तो पहिला बोले. त्याच्याआधी गावाचा मालक असलेल्या मालगुजारालाही तोंड उघडता येत नसे. मग दिवसभर भांडणं, शिव्यागाळी. एकदा खुद्द बकारामांचं पागोटं पाण्यात गेलं होतं. पण शेवटली बांधी भिजायची.

“तुमच्या सभेत कोनी भांडत नाही, म्हनून पानी जिथल्या तिथं सडून राहिलं,” ते म्हणाले.

“मामाजी, तिथं काकाजी असतात. त्यांच्यापुढं मी कधी बोलले आहे का?”

“तो घरी तुझा सासरा. तिथं नाही. अन् रुख्माले तिथं कोन बसू देते? खुर्ची तुले आहे. तू कायले जातेस मंग? भजे खायले?”

पुढची सभा मृगाच्या तोंडावर भरली. विषय दिव्यांचा चालू होता. सुशीलाबाई मध्येच उठल्या. नालीचं जे ठरलं ते मला मान्य नाही, एवढंच त्या म्हणाल्या. जणू भिंतच बोलली, तसे सारे वळून पाहू लागले.

ईश्वरदास हसले. “सूनबाई, घरचं घरी बोलू.”

“आपल्या घरी विहीर आहे, काकाजी. रुख्माच्या घरी नाही. यंदा तिची दुसरी पोर गेली, तर ते मी माझ्या हातानं मंजूर केलेलं असेल. तो हात मी परत घेते.”

मग धानाचे अडते उदाराम बोलू लागले. त्यांनाही तेव्हा पटलं नव्हतं, पण बाकीच्यांना पटलं असेल असं वाटलं होतं. शेजारच्यानंही तेच सांगितलं, त्याच्या शेजारच्यानंही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहून डोलला होता! मग ओट्यांवरून तोंडातोंडी झाली, एक जण तर उठून गेला, आणि भजी थंड झाली.

ईश्वरदास खाली पाहत म्हणाले, “मले कधी कोनी अडवलंच नाही. मी समजलो, माझं बरोबर आहे.”

नाली वळवायचं ठरलं. पण पावसानं खोदकाम अर्ध्यावर गाठलं. खालच्या ओळीत पुन्हा पटकी आली. तिथल्याच एका घरची म्हातारी गेली. रुख्माची धाकटी हाडाचा सापळा होऊन उठली, पण उठली. हेच बोलणं एक वर्ष आधी झालं असतं, तर थोरलीही असती, हे सुशीलाबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती.

बंधुभगिनींनो, आपल्या गावची सभा शांततेत पार पडली असं ऐकलं की समाधान मानू नका. तिथं कोण गप्प बसलं, ते विचारा. आणि खुर्ची तुमची असेल तर ज्याला तिथं खुर्ची नाही त्याचं म्हणणं आधी मांडा, मग समोर सासरा असो की सोयरा. भांडण झालं तर होऊ द्या. भांडणातून उठून माणसं पुन्हा एका पंगतीत जेवतात. पटकीतून सारी उठत नाहीत.