कोपऱ्यातल्या कोठडीची ओल

सकाळी तुरुंगाचं फाटक उघडलं की मिस्त्री आधी कोपऱ्यातल्या कोठडीत जात आणि मागच्या भिंतीला तळहात लावत, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. पोराचा ताप कधीतरी उतरतो. ही भिंत मात्र रोज तशीच गार आणि ओली असे. मग ते हात विजारीला पुसत, कुणी पाहिलं तर नाही ना याची खात्री करत आणि गुडघे वाजवत चुन्याच्या हौदाकडे जात.

वय एकसष्ट. हे शेवटचं काम, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. मागच्या दोन कामांच्या वेळीही हेच सांगितलं होतं.

तुरुंग ओस पडून वीस वर्षं झाली होती. सहा कोठड्या, मधे फरसबंद अंगण आणि दोन हात जाडीच्या दगडी भिंती. तो पाडून तिथे दुकानं काढायची टूम निघाली, तेव्हा गावाने तो राखायचं ठरवलं. आणि गावाने ठरवलं म्हणजे हेडमास्तरांनी ठरवलं. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली तरी गाव अजून त्यांच्या वर्गात बसलेलंच होतं. अंगणात सभा आणि गाणी, दोन कोठड्यांत जुने फोटो, आणि कोपऱ्यातली सगळ्यांत मोठी कोठडी मुलांच्या वाचनखोलीला, असा त्यांचा बेत होता. उद्घाटनाला पाच आठवडे उरले होते.

मधल्या काळात या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढला होता. दगड-चुन्याच्या भिंतीला सिमेंट म्हणजे राबणाऱ्या माणसाला प्लास्टिकचा कोट. आतला घाम आतच राहतो. शहरातून आलेल्या इंजिनिअर मुलीने तो सगळा खरवडून काढायला लावला होता. सव्वीस वर्षांची असेल, पण कामावरचे सगळे तिला ताई म्हणत. भिंती तीन महिन्यांत सुकतील, मग चुन्याचा गिलावा करू, असं तिने गावाने नेमलेल्या समितीला लिहून दिलं होतं. पाच कोठड्या शहाण्या मुलांसारख्या सुकल्या. कोपऱ्यातली काही केल्या सुकेना.

ताईकडे ओल मोजायचं, दोन टोकदार सुयांचं यंत्र होतं. दर सोमवारी ती ते भिंतीत रोवून आकडा वहीत लिही. पहिल्या आठवड्यात चोवीस होता. तेराव्या आठवड्यातही चोवीसच.

"ताई," हेडमास्तर दारातून म्हणाले, "भिंतीने तुमचा अहवाल वाचलेला दिसत नाही."

ताई हसली नाही. "सर, ही कोठडी सगळ्यांत खाली आहे. उताराचं पाणी जमिनीखालून इथे येतं आणि भिंतीत चढतं. ते बाहेर कुठून जायचं, तेच मला सापडत नाही. ज्यांनी इतक्या अकलेने हे बांधलं, ते पाण्याची वाट ठेवायला विसरतील कसे?"

"माणसं विसरतात हो. मिस्त्री, तुला काय वाटतं?"

मिस्त्री घमेल्यातला चुना परतत होते. "असते एखादी भिंत हट्टी," ते म्हणाले. घमेल्यातून मान वर न काढता.

"ऐकलंत? अनुभव बोलतोय. आता हट्टीपणावर माझ्याकडे औषध आहे. छातीपर्यंत टाइल्स. शनिवारी माणूस येईल. पुसायलाही बऱ्या."

"टाइल्सनी ओल जात नाही, सर. फक्त झाकते. पाणी टाइल्सच्या वर चढेल, चार-पाच वर्षांत दगडांतला चुना भुसभुशीत होईल. आणि खाली मुलं बसणार आहेत, दिवसातून दोन-दोन तास, या हवेत."

"चार-पाच वर्षांनी मी नसेन, ओरडा खायला तुम्ही असाल," हेडमास्तर म्हणाले. पण तेही थकलेच होते, विनोद अर्ध्यातच खाली बसला. "ताई, लोकांना मी तारीख दिलीय. तुम्ही तीन महिने म्हणालात म्हणूनच दिली ना?"

ते गेल्यावर ताई उंबऱ्यावर बसली. बराच वेळ वहीची पानं मागेपुढे करत राहिली.

"काका, मी उद्या समितीला लिहून देते. माझा अंदाज चुकला म्हणून."

"कशाला?"

"चुकलाच की. पहिलंच स्वतंत्र काम माझं. पाच भिंती बरोबर आल्या याला अर्थ नाही. ही एक का नाही, हे सांगता येत नसेल तर बाकीच्या पाच नशिबाने आल्या म्हणायचं."

मिस्त्रींनी थापी धुतली. धुतलेली थापी पुन्हा धुतली.

घरी जेवताना बायकोने विचारलं, "चव नाही का?"

"आहे."

"मग असं का चावताय, कुणी शिक्षा दिल्यासारखं?"

त्यांनी ताट सरकवलं आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट तोंडाबाहेर काढली. त्या कोठडीच्या मागच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर सात भोकं होती. मूठ जाईल एवढी, पलीकडे गल्लीत उघडणारी. गल्लीतून नातेवाईक त्यातून बिड्या आणि चिठ्ठ्या सरकवत. जेलरसाहेबांनी सत्तावीस वर्षांच्या मिस्त्रींना बोलावून सांगितलं, बुजव. आत तेव्हा एक म्हातारा शिंपी होता. तो चटईवर बसून सगळं बघत होता. तिसऱ्या भोकावर म्हणाला, "मिस्त्री, पाणी जातं बरं तिथून. स्वतःच्या घरात बुजवाल का असं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"साहेबांना सांगा म्हणालो."

"आणि?"

"आणि काय? पुढच्या थंडीत खोकल्याने त्याला इस्पितळात हलवला म्हणून ऐकलं. परत आला की नाही, विचारलं नाही मी."

बायको बराच वेळ बोटाने ताटाची कड पुसत राहिली. मग म्हणाली, "त्याचं आता काही करता येत नाही. त्या पोरीचं येतं. ती उद्या तुमची चूक स्वतःच्या सहीने लिहून देणार, आणि तुम्ही गिलावा करत राहणार? मग घरी येऊन माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवू नका."

"नावं कुठे ठेवली?"

"तोंडाने नाही ठेवली."

दुसऱ्या दिवशी ताई कागद घेऊनच आली होती. मिस्त्रींनी तिला कोठडीत नेलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, शिंप्यासकट. सांगताना ते भिंतीकडे बघत होते.

ताईचा चेहरा आधी लाल झाला. "तीन महिने, काका! तीन महिने मी आकडे लिहितेय. तुम्ही रोज इथे होतात."

"होतो."

"मला वेडी समजत होतात का?"

"नाही ताई. तुम्ही शोधून काढाल असं वाटायचं. तुम्ही शोधलंत की मला सांगावं लागलं नसतं."

हे उत्तर तिला अपेक्षित नसावं. मग तिच्यातली राग मानणारी मुलगी मागे सरली आणि मोजणारी पुढे आली. "किती भोकं म्हणालात? कुठे?"

इथेच खरी पंचाईत झाली. मिस्त्री भिंतीशी बसले, जमिनीपासून वीत मोजली आणि बोटाच्या पेराने दगड वाजवत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकले. काही नाही. पुन्हा उलटे आले. एकही दगड पोकळ वाजेना, एकही सांधा वेगळा दिसेना. त्या वेळी त्यांनी नुसता चिखल कोंबला नव्हता. प्रत्येक भोकाच्या मापाचा दगड घडवून बसवला होता, मागे सिमेंट भरलं होतं, सांधे जुन्या सांध्यांसारखे दिसावेत म्हणून चुन्यात राख मिसळली होती. जेलरसाहेबांनी कंदील धरून पाहिलं आणि भोकं कुठे होती असं विचारलं. त्या प्रश्नावर मिस्त्री कित्येक वर्षं मनातल्या मनात मिशा पिळत होते.

"सापडत नाहीत," ते म्हणाले. कपाळावर घाम आला होता.

"वीतभर वर म्हणालात ना? पण कुठल्या जमिनीपासून?" ताईने वहीचं मागचं पान काढलं. "मी कोपऱ्यात खड्डा घेतला होता. जुन्या फरशीवर दोनदा सिमेंटचा कोबा झालाय. सहा इंच. तुमची वीत किती?"

त्यांनी पंजा पसरला. तिने टेप लावली. "साडेआठ. म्हणजे आत्ताच्या जमिनीपासून अडीच इंच. तीन बोटं वर बघा, काका."

तीन बोटांवर, दाराकडच्या टोकापासून चौथ्या दगडापाशी, आवाज बदलला. किंचितच, गवंड्याच्या कानालाच कळावा एवढा. त्यांनी छिन्नी लावली. दगड बाहेर यायला तासभर गेला. आपल्याच तरुणपणाशी भांडावं तसं ते काम होतं, आणि तरुणपण दमत नव्हतं. सिमेंट फुटलं तेव्हा मागून काळा चिखल ओघळला, कुजक्या पानांचा वास आला आणि मग थेंब थेंब पाणी, आतल्याच बाजूला.

"बाहेर का जात नाही?" मिस्त्रींनी विचारलं.

ताई गल्लीत जाऊन आली. "तिकडे रस्ता फूटभर वर आलाय. भोकाचं पलीकडचं तोंड डांबराखाली गेलंय. गल्लीत भिंतीलगत चर खणावा लागेल. मग भिंत सुकायला निदान सहा महिने."

हेडमास्तर आले तेव्हा दोघंही चिखलात बसली होती. ताई सांगायला लागली, पण मिस्त्रींनी तिला हाताने थांबवलं आणि सगळं पुन्हा स्वतः सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. गेलं नाही.

हेडमास्तर उपड्या घमेल्यावर बसले. "अरे, मी तुला सातवीत भूमिती शिकवली. तेव्हा तुला एक वर्तुळ धड काढता येत नव्हतं."

"हो, सर."

"हुकूम जेलरचा होता. तुझा काय दोष त्यात?"

"बुजव म्हणाले होते, सर. इतकं सुबक बुजव असं कुणी म्हणालं नव्हतं. माणूस सांगत होता पाणी जातं म्हणून, आणि माझं लक्ष सांध्यांकडे."

भोकातून थेंब पडत होता.

"टाइल्सवाल्याला नको म्हणून कळवतो," अखेर हेडमास्तर म्हणाले. "उद्घाटन पाच खोल्यांचं होईल. पण मुलांना सहावी सांगून ठेवलीय मी. ती विचारणार, कुलूप का म्हणून. काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी दारात बसेन त्या दिवशी. विचारेल त्याला सांगेन."

"दिवसभर? गुडघे घेऊन?"

"गुडघे कुठे ठेवून येऊ, सर?"

हेडमास्तर पहिल्यांदाच थोडंसं हसले. जाताना ताईच्या हातातला कागद त्यांनी मागून घेतला, न वाचता घडी करून खिशात घातला. "हा तुमचा अंदाज चुकल्याचा ना? माझ्याकडे राहू दे. समितीपुढे नको."

मिस्त्री पुन्हा भिंतीशी वळले. पहिल्या भोकापासून त्यांनी चार विती मोजल्या. भोकं सारख्या अंतरावर होती, एवढं आठवत होतं. तीन बोटांवर वाजवून पाहिलं. दगड भरीव बोलला. अर्धी वीत पुढे सरकले, पुन्हा वाजवलं.

"नाही का?" ताईने विचारलं.

"नाही. चार नसतील. पाच असतील." त्यांनी एक हात जमिनीवर टेकला, दुसरा गुडघ्यावर, आणि बसल्या जागीच पुढे घसरले. "जरा सरका, ताई. उजेड अडतोय."