एकशे चाळीस मुक्काम

तुकाबाईनं घोंगडी अंगणात अंथरली, चारी कोपरे ओढून सारखे केले आणि वर स्वतःच मांडी घालून बसली.

"आजी, ऊठ की. नुसत्या घोंगडीचा फोटो पाहिजे," नात राजनंदिनी मोबाइल धरून म्हणाली.

"नुसत्या घोंगडीचा कशाला? बसून दाखवल्याबिगार मऊ का टोचरी ते गिऱ्हाइकाला कळायचं कसं?"

"फोटोत तसंही कळणार नाही."

"मी तरी दुसरं काय म्हणते? न चोळता, न हुंगता घोंगडी घेणारं माणूस अजून आईच्या पोटातून यायचंय."

एवढं सुनावून ती उठली. पण तोवर नातीचं बोट दाबलं गेलं होतं आणि पहिला फोटो आजीसकटच निघाला होता.

गोष्ट अशी होती की घरची चाळीस मेंढरं जायला निघाली होती. तुकाबाईचा लेक सोमनाथ कांदा पिकवायचा आणि मेंढरांना कंटाळला होता. गायरानं राहिली नाहीत, उसात बिबटे बसलेले, आणि लोकर तर फुकट दिली तरी कुणी उचलत नाही. दिवाळीत कातरलेल्या लोकरीची दोन पोती त्यानं उकिरड्याशेजारी नेऊन टाकली होती. पुढच्या वेळी कातरणीलाच मेंढरं शिल्लक नकोत, असं त्याचं म्हणणं.

मधे पडली ती ओतूरच्या कॉलेजात शिकणारी राजनंदिनी. घोंगड्या मोबाइलवर विकून बघू, म्हणाली. पण बघायचं ते नीट. पाच घोंगड्या, एकवीस दिवस. सूत आजीनं कातायचं, विणायचं जानकू सणगरानं. सोयरा, शेजारी, गाववाला गिऱ्हाईक म्हणून चालणार नाही, कारण ओळखीनं खपतो तो माल नव्हे, भीड. अनोळखी माणसांनी पाचातल्या चार घेतल्या तर लोकरीला वाट आहे म्हणायचं आणि कळप ठेवायचा. नाही घेतल्या तर बाविसाव्या दिवशी, शनिवारी, मेंढरं बाजारात. सोमनाथनं मान डोलावली. समोरचा हरणारच अशी पैज घ्यायला त्याचं काय जात होतं?

पहिल्या आठवड्यात एकही घोंगडी हलली नाही. चारशे बारा जणांनी बघितली मात्र, असं नातीनं सांगितलं.

"चारशे?" तुकाबाईनं अंगणाकडं पाहिलं. एवढी माणसं उभी कुठं राहिली असतील, याचाच अंदाज ती घेत होती जणू. मग भानावर येऊन म्हणाली, "बघ्यांनी जत्रा भरती, नंदे. पाटी रिकामी व्हत न्हाई."

आठव्या दिवशी राजनंदिनीला काय वाटलं कोण जाणे, तिनं तो आजीसकट निघालेला फोटो वर चढवला. डोक्यावर पदर, कपाळाला भंडारा, आणि कॅमेऱ्याकडं असं बघणं की उसनं मागायला कुणी दारात आलंय. दुसऱ्या दिवशी गुवाहाटीहून मागणी आली.

"कुठं आलं ते?"

"लांब आहे. आसामात."

"लांब म्हंजी किती मुक्काम?"

तुकाबाईच्या हिशेबात किलोमीटर नव्हते. मेंढरं दिवसाला चार कोस चालतात, मग वाडा पडतो, म्हणजे राहुट्या ठोकून रात्र काढायची. तो एक मुक्काम. लग्न झाल्यापासून वीस वर्षं ती दर साली घाट उतरून कोकणात गेली होती आणि परत आली होती, आणि तिच्या आयुष्यातली सगळ्यात लांबची वाट बावीस मुक्कामांची होती.

नातीनं मोबाइलवर भागाकार केला. "दोनशे तीस."

तुकाबाईच्या हातातली सूत कातायची चाती थांबली. गोठ्यातल्या त्या चाळीस तोंडांकडं ती बराच वेळ बघत राहिली. यांच्यातल्या कुणाच्या तरी पाठीवरची लोकर दोनशे तीस मुक्काम जाणार, आणि ज्या पाठीवर उगवली तिला पत्ताच नसणार.

पण घोंगडी बांधायच्या आधी तिनं अट घातली. कुणासाठी पाहिजे ते विचारायचं. तिच्या आईनं कधी न विचारता घोंगडी दिली नव्हती, सासूनंही नाही. राजनंदिनी म्हणाली, असं कुणी विचारत नसतं, लोकांना राग येतो. तुकाबाई म्हणाली, येऊ दे. फोन तिनंच कानाला लावला आणि मालिका बघून शिकलेल्या हिंदीत दरडावलं, "किसके वास्ते मंगताय?" पलीकडची बाई आधी दचकली, मग हसली, मग आपल्या आईच्या गुडघ्यांविषयी इतकं बोलली की शेवटी नातीनं फोन काढून घेतला.

भूजला एक गेली, ऐंशी मुक्काम. नागपूरला एक, साठ. अशा तीन झाल्या. तुकाबाई येताजाता मोबाइलकडं अशी बघू लागली, जसं देवळावरून जाताना कळसाकडं बघावं. नजर पडली की हात आपोआप पदराला जायचा.

अठराव्या दिवशी चौथी मागणी आली आणि राजनंदिनी उडीच मारायची राहिली. एका हॉटेलवाल्याला भिंतीवर टांगायला घोंगडी पाहिजे होती.

"भित्तीला थंडी वाजती का?" तुकाबाईनं विचारलं आणि तिथंच विषय संपवला.

नात रडकुंडीला आली. सोमनाथ कांद्याच्या वाफ्यातून आला होता. त्यानं पाय धुता धुता सगळं ऐकलं. "आये, मेंढरं मी इकीत न्हाई बग," तो म्हणाला. "तुझी जीभच इकती."

तुकाबाईनं चाती उचलली आणि खालमानेनं सूत ओढायला लागली.

एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत काही नव्हतं. सोमनाथनं उद्यासाठी टेम्पो सांगून ठेवला. ऊन कलताना मोबाइल वाजला. मागणी होती देहरादूनची. राजनंदिनीनं आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोबाइल ओट्यावर ठेवला, आणि आजी काही बोलायच्या आत हात जोडले. तुकाबाईनं तिकडं लक्षच दिलं नाही.

"कुणासाठी पायजे?"

बोलणारे गृहस्थ मूळचे सोलापूरकडचे, शिक्षक होते, आता तिकडंच राहिलेले. ते म्हणाले, "खोटं सांगत नाही, बाई. कुत्र्यासाठी. चौदा वर्षांचा झालाय. अंगावरचे केस गेलेत, रात्रभर थरथरतो. डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवस काढेल. तुमचा फोटो बघितला आणि वाटलं, विचारावं. रागावू नका."

सोमनाथनं डोळे मिटून घेतले. आता काय ऐकावं लागणार, हे त्याला ठाऊक होतं. राजनंदिनीनं ओठ दाताखाली धरला.

"नाव काय त्याचं?" तुकाबाईनं विचारलं.

"मोत्या."

"पत्ता ह्या पोरीला सांगा," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

कोऱ्या दोन घोंगड्या खुंटीजवळ घडी करून ठेवल्या होत्या. तिनं वरच्या घोंगडीवरून तळहात फिरवला, मग आपला गाल घासला. चिंचोक्याची खळ ताजी होती, लोकर ताठ. सहा हिवाळे अंगाखाली गेल्यावर ती मऊ पडायची. मोत्याकडं पंधरा दिवस होते. तिनं ती खाली ठेवली आणि आपल्या बाजेवरची घोंगडी ओढून काढली.

काळी, धुऊन धुऊन राखेच्या रंगावर आलेली. एका कोपऱ्यावर तळव्याएवढा डाग. सोमनाथ सात वर्षांचा असताना दिवस मावळता बिबट्या वाड्यात शिरला होता, आणि त्यांचा कुत्रा बाज्या सोमनाथच्या आणि बिबट्याच्या मधे उभा राहिला होता. फाटलेल्या मानेनं बाज्या याच घोंगडीवर तीन दिवस पडून होता. सोमनाथ त्याच्या पाठीला पाठ लावून झोपायचा. चौथ्या दिवशी तुकाबाईनं घोंगडी नदीवर धुतली. डाग गेला नाही. तिनं तेव्हापासून दुसरी अंगावर घेतली नव्हती.

ती घडी घेऊन बाहेर आली. राजनंदिनी बघतच राहिली.

"आजी, ही जुनी आहे. जुनीचे पैसे कसे मागायचे?"

"मागू नको."

"मग ही धरता यायची नाही. तीनच होतात." तिचा आवाज चिरकला. "कळतंय का तुला, तीनच."

"तीन मलाबी मोजता येत्यात." तुकाबाई गोठ्याकडं तोंड करून क्षणभर उभी राहिली. मेंढरं दाव्याविना, एकमेकांच्या मानेवर माना टाकून रवंथ करत होती. तिनं त्यांच्याकडं पाठ फिरवली आणि घडी नातीच्या मांडीवर ठेवली. "कोरी त्याला टोचंल. बांध. सकाळच्या पयल्या यस्टीनं ओतूरला जा, पोष्टात टाक. वाटंत बसू नको कुणाशी बोलत."

राजनंदिनीनं डोळे पुसले आणि सुतळी घेतली. सोमनाथ त्या कोपऱ्यावरच्या डागाकडं बघत होता. घडी कागदात दिसेनाशी होईपर्यंत तो बघत होता. मग उठला आणि चपला न घालताच बाहेर गेला.

टेम्पोवाल्याला वेळ सांगायला गेला असेल, तुकाबाईला वाटलं. ती ओट्यावर टेकली.

"नंदे, किती मुक्काम गं तिथं?"

"एकशे चाळीस."

"एकशे चाळीस," ती हळू म्हणाली. बाज्या तिच्याबरोबर बावीस मुक्काम चालला होता, कळपाच्या मागं, जीभ काढून. आता त्याचा तो डाग एकशे चाळीस मुक्काम जाईल. पायाखाली वाट नाही, उशाला चूल नाही, आणि तरी पोचेल. तिकडं एक म्हातारं कुत्रं तो डाग हुंगील आणि बहुतेक त्याला सगळं कळेल. तुकाबाईनं मोबाइलला हात लावला नाही. नुसती त्याच्याकडं बघत बसली.

परसात काहीतरी ओढल्याचा आवाज आला म्हणून ती उठून गेली. उकिरड्याशेजारी लोकरीचं एकच पोतं उरलं होतं. दुसरं पाठीवर घेऊन सोमनाथ माळ्याची शिडी चढत होता.

आई आलेली त्याला कळली असावी. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"पाऊस यायचाय," तो म्हणाला. "बाहेर भिजंल."

तुकाबाईनं वर पाहिलं. माघातलं आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडं ठणठणीत होतं, पिंजलेल्या लोकरीएवढाही ढग नव्हता.

"व्हय," ती म्हणाली, आणि उरलेल्या पोत्याचं तोंड आवळायला खाली वाकली. "भिजंल."