तिसरं पिंप

"दोर ढिला सोडू नका, अप्पा," धक्क्याच्या भिंतीवरून खाली लोंबकळत ती ओरडली.

"एकतीस वर्षं इंजिन सांभाळलंय. दोर सांभाळता येतो मला."

अप्पा म्हणजे तिचे वडील. डिझेल इंजिनावर बेटाला वीज पुरवायचं काम त्यांचं. डिझेल होडीतून यायचं, समुद्र खवळला की यायचंच नाही. गेल्या वादळात दवाखान्यातला फ्रिज बंद पडला, बर्फही संपला आणि नर्सबाईंनी पोरांच्या खराब झालेल्या लसी स्वतःच्या हातांनी खड्ड्यात पुरल्या. त्या दिवसापासून ही फिटर पोरगी लाटांच्या मागे लागली.

मांडणी साधी होती. भिंतीला बिजागरीवर बसवलेला लांब दांडा, टोकाला पाण्यावर तरंगणारं पिंप. लाटेने पिंप वर उचललं की दांडा तेलाचा पंप दाबायचा आणि त्या दाबावर जनित्र फिरून बॅटरी भरायची. सगळं सामान मोडीत निघालेल्या क्रेनचं. पहिलं पिंप समुद्राने पंधरा दिवसांत नेलं. दुसरं तिने जाड पत्र्याचं केलं, ते दांड्यासकट गेलं.

"आता दगड पिळून तेल काढ," शेजारची काकू म्हणाली.

ती चिडली नाही. आठवडाभर मासेमारांना वादळाआधी होड्या वर ओढताना बघत बसली आणि तिसऱ्या पिंपाला तिने हाताने फिरवायचा रहाट जोडला. समुद्र चढला की पिंप पाण्याबाहेर घ्यायचं.

"समुद्राशी कुस्ती खेळायचीच नाही," ती अप्पांना म्हणाली. "तुझं तू बघ," एवढंच ते म्हणाले. पोरगी आपल्याच इंजिनावर उठलीय, हे त्यांना कळत होतं.

आज फ्रिज पहिल्यांदाच या विजेवर होता आणि दुपारीच लाटा चढल्या. रहाट जागचा हलेना. बिजागरीत वाहून आलेला ओंडका अडकला होता.

दोरावर लोंबकळतच तिने ओंडक्याखाली पहार घातली. एक लाट तिच्या डोक्यावरून गेली.

"वर ये. पिंप गेलं तर जाऊ दे."

"चौथ्यासाठी सामान नाही, अप्पा."

दोराचा अप्पांनी मनगटाभोवती आणखी एक वेढा घेतला. पाचव्या झटक्याला ओंडका सुटला. अप्पांनी तिला वर ओढून घेतलं, आणि ती धापा टाकत असतानाच रहाटाला हात घातला. पिंप कुरकुरत पाण्याबाहेर आलं.

लाटा ओसरेपर्यंत फ्रिज बॅटरीवर तगला. संध्याकाळी अप्पांनीच पिंप खाली सोडलं.

वर्षभरात भिंतीवर नऊ पिंपं झाली. इंजिन फक्त अडीअडचणीला ठेवायचं ठरलं. बंद करायच्या सकाळी ती इंजिनघराशी गेली.

"मी करू?"

"नको. त्याला माझ्या हाताची सवय आहे."

त्यांनी डिझेलचा कॉक फिरवला. इंजिन दोनदा ठसकलं आणि थांबलं. अप्पांनी त्यावर तळहात ठेवला. ती दाराबाहेर थांबली. लोखंड पुरतं गार होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.