कांडीखात्यातले दिवे

आमचे जावई गुणाजी जेवायला बसले तरी मिरवतात. भात कालवता कालवता हात वर करून दाखवतात, "या हातानं गिरणीत वीज नेली." वीज नेली म्हणे! जोडाऱ्याच्या शिडीवर चढून तारा बांधल्या, एवढंच. पण कोलशेतात विजेच्या तारेला हात लावलेलं दुसरं होतं कोण? मग ऐकायचं. आढ्याखाली एका दिव्यातून दुसऱ्या दिव्याला तार कशी न्यायची, सांध्याला कथील वितळवून डाक कसा द्यायचा, वर रबराची पट्टी गुंडाळायची, आणि मगच ते लाकडी खोबणीत झाकायचं. "विमेवाल्या साहेबाचा कायदाच हाय तसा, सासूबाय. खाली सगळा कापूस. एक ठिणगी पडली की खलास." बोलताना शितं माझ्या लुगड्यावर उडतात. शिसारी येते.

त्याच कापसात माझी मनू बसते. कांडीखात्यात, कांड्यांवर सूत भरायला.

परवा ती म्हणाली, "आये, दिवे लागले की डोक्यावर जळका वास येतो."

"नवऱ्याला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणतात, तुझ्या नाकात म्हावऱ्याचा वास बसलाय."

सकाळी ओहोटीला खाडीवर गेले. गुणाजींची होडी चिखलात पालथी होती. तळाच्या फटीवर एक काळी पट्टी, बारीक चुका मारून बसवलेली. डांबर मी जन्मभर पाहिलंय. हे डांबर नव्हतं. नखानं ओढलं तर ताणलं जात होतं.

गुणाजी बाजूलाच विडी ओढत बसले होते.

"हे गिरणीतलं रबर ना?"

"तर! बगा कसं बसलंय. थेंब येत नाय आत."

"मग तिथं सांध्यांना काय लावलंत?"

"चिंधी. डांबरात बुडवून. डाक देत कुठं बसू, नुसता पीळ दिला. वरून खोबण ठोकलीय, कोण बघतंय?"

आणि थुंकले. माझ्या पायाशी.

मी ती पट्टी चुकांसकट उपटली आणि तशीच गिरणीवर गेले. दुपारची सुट्टी होती. बायका भाकऱ्या सोडून बसल्या होत्या. पट्टी त्यांच्यामध्ये टाकली. म्हटलं, "ही तुमच्या डोक्यावर पाहिजे होती."

खोबण उघड म्हटलं, तर गोमाजी जोडारी आधी ऐकेना. "विमेवाले बघून गेले, बाय. आता उकलायचं नाय."

"मग तूच बस खाली कांड्या भरत," सखुबाई म्हणाली. "आम्ही बसतो हिथं उन्हात."

भोंगा झाला, तरी एकही बाई आत गेली नाही. तेव्हा कुठे गोमाजीनं शिडी लावली. मनूच्या जागेवरची खोबण उघडली. चिंधीचा कोळसा झाला होता. हात लागताच भुगा तिच्या पांढऱ्या कांड्यांवर पडला.

गुणाजी मागून धावत आले होते. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सासूबाय, चारचौघांत कशाला? घरी बोलू ना. माझी अब्रू हाय."

मी आवाज खाली आणला नाही.

"होडीत तू बसतोस, म्हणून तिला रबर. इथं माझी पोर बसते, म्हणून चिंधी. न कळता केलं असतंस, तर खुळा म्हणून पदरात घेतलं असतं. तुला सगळा कायदा तोंडपाठ होता, गुणाजी. मनू आता माझ्याकडे राहील."